डीईआय बंद झालं म्हणजे नेमकं काय बंद झालं?

जानेवारी २०२५ मध्ये डोनाल्ड ट्रम्प दुसऱ्यांदा अमेरिकेचे अध्यक्ष झाले. पहिल्या दोन दिवसांत त्यांनी ज्या ढीगभर आदेशांवर सह्या केल्या, त्यांतल्या दोन आदेशांचे पडसाद हिंजवडी, खराडी आणि मगरपट्ट्यापर्यंत उमटले. अमेरिकन कंपन्यांच्या वेबसाइटवरची काही पानं गायब झाली, काही पदांची नावं बदलली, नेमाने येणारी काही मेल्स यायची थांबली. मी अशाच एका कंपनीच्या पुण्यातल्या ऑफिसात एचआरमध्ये काम करते. त्या दिवसांत कँटीनमध्ये, लिफ्टमध्ये, घरी जेवायला बसल्यावर मला सगळे एकच विचारायचे: हे डीईआय म्हणजे नक्की होतं तरी काय, आणि ते बंद झालं म्हणून कुणाचं काय अडलं?

याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. व्हॉट्सॲपवर मात्र दोन उत्तरं तयारच असतात. एक म्हणतं, अमेरिकेत वर्णद्वेष परत आला. दुसरं म्हणतं, अखेर गुणवत्तेचा विजय झाला. या दोन्हींमधून मूळ गोष्ट कळत नाही. ती कळायला थोडं मागे जावं लागतं.

## आधी शब्द समजून घेऊ

डायव्हर्सिटी, इक्विटी आणि इन्क्लूजन या तीन शब्दांचं लघुरूप म्हणजे डीईआय. डायव्हर्सिटी म्हणजे कामाच्या जागी वेगवेगळ्या वंशांची, वेगवेगळ्या पार्श्वभूमीची माणसं असणं. इक्विटी म्हणजे ज्याच्या वाट्याला मुळात कमी आलंय, त्याची अडचण लक्षात घेऊन नियम आखणं. आणि इन्क्लूजन म्हणजे आत घेतलेल्या माणसाला बैठकीत तोंड उघडता येणं, बढतीच्या चर्चेत त्याचं नाव निघणं.

यात स्त्रिया येतात, अपंग येतात, समलिंगी येतात, माजी सैनिकसुद्धा येतात. पण या सगळ्याचं मूळ अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लढ्यात आहे, म्हणून इथे मी मुख्यतः त्यांच्याबद्दलच लिहिणार आहे.

## कायद्याने भेदभाव कधीच संपला होता ना?

अमेरिकेत गुलामगिरी १८६५ मध्ये संपली. त्यानंतरही कित्येक दशकं दक्षिणेकडच्या राज्यांत शाळा, बस, हॉटेलं, नळाचं पाणी, सगळं गोऱ्यांचं वेगळं आणि कृष्णवर्णीयांचं वेगळं होतं, आणि तेही कायद्याने. २ जुलै १९६४ रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी नागरी हक्क कायद्यावर सही केली. वंश, रंग, धर्म, लिंग किंवा मूळ देश पाहून नोकरी नाकारणं बेकायदा ठरलं. तिथे गोष्ट संपायला हवी होती.

ती का संपली नाही, हे एका वीजकेंद्राच्या उदाहरणातून नीट कळतं. उत्तर कॅरोलिना राज्यात ड्यूक पॉवर कंपनीचं डॅन रिव्हर नावाचं केंद्र होतं. तिथे पाच विभाग होते. कृष्णवर्णीय कामगारांना फक्त एकाच विभागात घेत, झाडलोट-हमालीच्या. त्या विभागातला सर्वाधिक पगारही बाकीच्या चार विभागांतल्या सर्वांत कमी पगाराहून कमी होता. नवा कायदा १९६५ च्या जुलैत अंमलात आला आणि कंपनीने ही उघड बंदी उठवली. पण वरच्या विभागात जायला हायस्कूल पास असण्याची अट होतीच, आणि कायदा लागू झाला त्याच दिवशी तिच्या जोडीला दोन लेखी चाचण्या आल्या.

अट सगळ्यांना सारखी. गोरा असो वा काळा, प्रमाणपत्र दाखवा आणि वर जा. पण १९६० च्या जनगणनेनुसार त्या राज्यात हायस्कूल पूर्ण केलेले गोरे पुरुष ३४ टक्के होते आणि कृष्णवर्णीय पुरुष १२ टक्के. त्यांच्या शाळाच वेगळ्या आणि हलाखीच्या होत्या. शिवाय हायस्कूल न झालेले जुने गोरे कामगार त्याच विभागांत वर्षानुवर्षं व्यवस्थित काम करत होते. म्हणजे कोळसा हाताळायला त्या प्रमाणपत्राची गरजच नव्हती.

विली ग्रिग्ज आणि त्यांचे बारा सहकारी कोर्टात गेले. मार्च १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्यांच्या बाजूने निकाल दिला. मालकाच्या मनात काय होतं हा प्रश्न दुय्यम आहे, असं न्यायालयाने सांगितलं. एखाद्या अटीमुळे एक समाज मोठ्या प्रमाणावर बाहेर राहत असेल आणि त्या अटीचा कामाशी संबंध दाखवता येत नसेल, तर ती अट बेकायदा.

मला विचाराल तर या अख्ख्या विषयाची किल्ली या निकालात आहे. माणसाच्या मनात द्वेष नसला तरी नियमातून अन्याय होऊ शकतो. त्यामुळे दुरुस्ती नियमात करायला हवी.

## टेलचा शेतकरी

कालव्याखाली ज्यांची जमीन आहे त्यांना हे लगेच पटेल. आवर्तन सुटतं, म्हणजे कालव्याला पाणी सोडलं जातं. नियम सगळ्यांना सारखा असतो, एकराला ठरलेले तास पाणी. चारीच्या तोंडाशी असलेल्याच्या रानात पाणी धो धो येतं. टेलच्या, म्हणजे चारीच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यापर्यंत यायच्या आत ते वाटेत मुरतं, झिरपतं, कुणीतरी मध्येच पाट फोडून घेतं. टेलवाल्याच्या पाळीचे तास घड्याळात भरतात, पण वाफा काही भिजत नाही. यात पाणी सोडणारा पाटकरी त्याच्यावर डूख धरून नसतो. वरचा शेतकरीसुद्धा त्याचा वैरी असेलच असं नाही. तरी दर हंगामाला त्याचंच पीक जळतं. दहा वर्षांनी लोक म्हणतात, त्याला शेती जमतच नाही.

म्हणून आपल्याकडे काही पाणीवापर संस्थांनी उलटी पद्धत घातली. आधी टेलला पाणी, मग सरकत सरकत हेडला. वरच्याचा हक्क जात नाही, पण वाटेत मुरणाऱ्या पाण्याचा भुर्दंड एकट्या टेलवाल्याच्या माथी बसत नाही.

अमेरिकेत हेच करण्याच्या प्रयत्नाला अफर्मेटिव्ह ॲक्शन म्हणतात. अध्यक्ष केनेडी यांच्या १९६१ च्या आदेशात हा शब्द आला. १९६५ मध्ये जॉन्सन यांनी सरकारी कंत्राटं घेणाऱ्या कंपन्यांना बंधन घातलं की नुसतं भेदभाव करत नाही म्हणून भागणार नाही, वंचित राहिलेल्यांपर्यंत पोहोचण्यासाठी पावलं उचला आणि हिशेब द्या. तो आदेश जवळजवळ साठ वर्षं टिकला. २१ जानेवारी २०२५ रोजी ट्रम्प यांनी जो रद्द केला, तो हाच.

## म्हणजे आपल्याकडचं आरक्षणच की!

हा गैरसमज मी सर्वांत जास्त वेळा ऐकते. भारतात राज्यघटना राखीव जागांना परवानगी देते. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या वैद्यकीय महाविद्यालयाने १०० पैकी १६ जागा राखून ठेवल्या होत्या. १९७८ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने ती पद्धत बेकायदा ठरवली. अनेक बाबींपैकी एक बाब म्हणून अर्जदाराचा वंश विचारात घ्यायला मात्र परवानगी राहिली. २९ जून २०२३ रोजी हार्वर्ड आणि उत्तर कॅरोलिना विद्यापीठांच्या प्रकरणात तीही मुख्यतः गेली.

नोकरीत तर राखीव जागा हा प्रकार डीईआयमध्ये नव्हताच. जाहिरात अधिक ठिकाणी देणं, ज्या कॉलेजांकडे कुणी फिरकत नव्हतं तिथे भरतीला जाणं, मुलाखत सगळ्यांची एकाच पद्धतीने घेणं, पगारातली तफावत दरवर्षी तपासणं, नव्या माणसाला अनुभवी मार्गदर्शक जोडून देणं, असं हे काम होतं. काही कंपन्यांनी टक्केवारीची लक्ष्यं जाहीर केली, काहींनी ती गाठण्याशी वरिष्ठांचे बोनस जोडले. तिथे मात्र कायद्याची रेषा पुसट झाली होती, हे मान्य करायला हवं.

## पण ते सगळं साठ वर्षांपूर्वीचं

जुन्या अन्यायाचं आज काय, हा प्रश्न सरळ मनानेही विचारला जातो, म्हणून त्याचं उत्तर सरळच द्यायला हवं. १९३० च्या दशकात अमेरिकन सरकारने घरकर्जाच्या योजना सुरू केल्या. कुठल्या वस्तीत कर्ज सुरक्षित हे ठरवणारे शहरांचे नकाशे बनले, आणि त्यात कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगाने दाखवल्या गेल्या. लाल म्हणजे धोका. अशा वस्त्यांमधल्या घरकर्जांना सरकारी हमी मिळत नसे. गोरी कुटुंबं सरकारच्या हमीवर उपनगरांत घरं घेत होती, तेव्हा तेवढीच कमाई असलेलं कृष्णवर्णीय कुटुंब भाड्याने राहत होतं. घरांबाबतचा भेदभाव कायद्याने थांबला तो एप्रिल १९६८ मध्ये, नागरी हक्कांच्या लढ्याचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभराने.

घर म्हणजे काय, हे मराठी मध्यमवर्गाला कुणी समजावून सांगायला नको. आजोबांनी डोंबिवलीत किंवा कोथरूडला घेतलेला दोन खोल्यांचा फ्लॅट पुढे नातवाच्या शिक्षणाला कसा उपयोगी पडतो, हे आपण पाहिलंय. ज्यांच्या आजोबांना तो घेऊच दिला नाही, त्यांची नातवंडं आज चाळिशीत आहेत. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या २०२२ च्या पाहणीत मध्यावरच्या गोऱ्या कुटुंबाची संपत्ती २,८५,००० डॉलर निघाली आणि मध्यावरच्या कृष्णवर्णीय कुटुंबाची ४४,९०० डॉलर.

## २०२० नंतर काय चुकलं

२५ मे २०२० रोजी मिनियापोलिस शहरात एका गोऱ्या पोलिसाने जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या मानेवर नऊ मिनिटांहून जास्त वेळ गुडघा दाबून धरला आणि त्यांचा जीव गेला. रस्त्यावरच्या एका मुलीने ते मोबाइलवर टिपलं आणि जगाने पाहिलं. कोविडमध्ये घरात कोंडलेली अमेरिका रस्त्यावर उतरली. आठवड्याभरात जवळजवळ प्रत्येक मोठ्या कंपनीने निवेदन काढलं, देणग्या जाहीर केल्या, डीईआयचे प्रमुख नेमले.

त्या दिवसांत मलाही भरून आलं होतं. इतकी वर्षं ज्या विषयावर बैठकीत कुणी शब्द काढत नसे, त्यावर कंपनीचे सर्वोच्च अधिकारी बोलत होते. पण पुढच्या वर्ष-दोन वर्षांत जे घडलं, त्यात खूपसं उथळही होतं. सगळ्यांना सक्तीने दोन-तीन तासांचं ऑनलाइन प्रशिक्षण, शेवटी प्रश्नमंजूषा, प्रमाणपत्र, आणि सोमवारी परत पहिलंच. समाजशास्त्रज्ञ फ्रँक डॉबिन आणि अलेक्झांड्रा केलेव यांनी अमेरिकन कंपन्यांचा अनेक वर्षांचा तपशील आधीच तपासून ठेवला होता. सक्तीच्या प्रशिक्षणाने व्यवस्थापनातली विविधता वाढत नाही, काही गटांची संख्या तर उलट घटते, असं त्यांना आढळलं होतं. लोकांना दोषी असल्यासारखं बसवलं की ते मनातून चिडतात. जिथे मार्गदर्शक जोडून दिले गेले आणि कुणीतरी आकड्यांना जबाबदार होतं, तिथे मात्र फरक पडला होता.

म्हणजे चालणारी गोष्ट माहीत होती. पण ती संथ होती आणि तिचा फोटो काढता येत नव्हता. निवेदन एका दुपारीत निघतं.

## वारं कसं फिरलं

विरोध आधीपासून होता. एडवर्ड ब्लम नावाचे कार्यकर्ते वर्षानुवर्षं एकच म्हणणं मांडत आले: कायदा रंगाकडे पाहणारच नसेल, तर तो कुणाच्याच बाजूने पाहू नये. हार्वर्डचा खटला त्यांच्याच संघटनेने लढवला. तो जिंकल्यावर मोर्चा कंपन्यांकडे आणि निधींकडे वळला.

अटलांटातल्या फेअरलेस फंडचं प्रकरण मला फार बोचतं. कृष्णवर्णीय स्त्रियांच्या उद्योगांना गुंतवणूकदारांकडून जे भांडवल मिळतं ते अगदी नगण्य. म्हणून या संस्थेने त्यांच्यासाठी २०,००० डॉलरच्या अनुदानाची स्पर्धा सुरू केली. ब्लम यांच्या दुसऱ्या एका संघटनेने दावा लावला तो १८६६ च्या कायद्याखाली. गुलामगिरीतून सुटलेल्यांना गोऱ्यांसारखाच करार करता यावा म्हणून केलेला हा कायदा. जून २०२४ मध्ये अपील न्यायालयाचा निर्णय संस्थेच्या विरोधात गेला आणि सप्टेंबरमध्ये ती स्पर्धा कायमची बंद झाली.

मग आले जानेवारी २०२५ चे आदेश. पहिल्याने सरकारी खात्यांतली डीईआयची कार्यालयं बंद केली. दुसऱ्याने जॉन्सन यांचा आदेश रद्द केला आणि सरकारी कंत्राटदारांकडून, अनुदान घेणाऱ्या संस्थांकडून लेखी हमी मागितली की आमच्याकडे बेकायदा डीईआय चालत नाही. कुठलं डीईआय बेकायदा, हे त्या आदेशात स्पष्ट केलेलं नाही, आणि हमी खोटी ठरली तर मोठ्या दंडाची टांगती तलवार आहे. रेषा कुठे आहे ते कळत नसेल, तर कंपनीचा वकील रेषेपासून दहा पावलं मागेच उभं राहा म्हणणार. बंदी नसलेल्या कितीतरी गोष्टी केवळ या भीतीपोटी थांबल्या. एप्रिलमध्ये आणखी एका आदेशाने सरकारी खात्यांना सांगितलं की ग्रिग्ज निकालाच्या धर्तीवर कारवाई करू नका. पण ते तत्त्व अमेरिकन संसदेने १९९१ मध्ये कायद्यातच घातलं आहे. अध्यक्षांच्या आदेशाने कायदा पुसला जात नाही. सरकारने हात आखडता घेतला तरी कामगार स्वतः कोर्टात जाऊ शकतो.

## आणि गुणवत्तेचं काय?

नोकरी लायक माणसालाच मिळावी, यावर कुणाचंच दुमत नाही. वाद आहे तो लायकी मोजायची कशी यावर.

अर्थशास्त्रज्ञ मरियान बर्ट्रांड आणि सेंथिल मुल्लइनाथन यांनी बोस्टन आणि शिकागोमधल्या नोकरीच्या जाहिरातींना सुमारे पाच हजार बनावट अर्ज पाठवले. शिक्षण-अनुभव सारखा, फक्त नावं वेगळी. काहींवर एमिली, ग्रेग अशी गोऱ्यांमधली नावं, काहींवर लकीशा, जमाल अशी कृष्णवर्णीयांमधली. एमिलीला दहा अर्जांमागे एक फोन आला. लकीशाला एका फोनसाठी पंधरा अर्ज करावे लागले. हा अभ्यास २००४ मध्ये छापून आला. पुढे ८० हजारांहून जास्त अर्जांचा आणखी मोठा प्रयोग झाला. त्यात दिसलं की भेदभाव सगळीकडे सारखा नाही, काही ठरावीक कंपन्यांत तो साचलेला आहे. आणि जिथे भरतीचा कारभार एका जागी, ठरलेल्या पद्धतीने चालतो, तिथे तो कमी आहे.

आमच्याकडे अमेरिकेतून आलेला एक तक्ता आहे, एकच पान. डावीकडे कामाशी संबंधित प्रश्न, सगळ्या उमेदवारांना तेच आणि त्याच क्रमाने. उजवीकडे गुण. खाली मोकळी जागा, तिथे गुण का दिले ते उमेदवाराच्या उत्तराचा दाखला देऊन लिहायचं. पॅनेलमधल्या प्रत्येकाने आपले गुण एकमेकांशी बोलायच्या आधी भरायचे. एकदा टेस्टिंगच्या जागेसाठी मराठवाड्यातला एक मुलगा आला. इंग्रजी अडखळत होतं, शर्टाची कॉलर सारखी नीट करत होता. तो बाहेर गेल्यावर पॅनेलमधले एकजण म्हणाले, "हुशार आहे हो, पण क्लायंटसमोर नाही चालायचा." मी तक्ता पुढे केला. त्या कामात क्लायंटशी बोलायचंच नव्हतं, त्यामुळे तसा प्रश्नही नव्हता. जे प्रश्न होते त्यात त्याचे गुण सर्वांत जास्त होते, आणि ते खुद्द त्याच गृहस्थांनी दिलेले. मुलगा लागला. तक्ता नसता तर तो परत गेला असता आणि आम्ही त्याला गुणवत्तेचा निर्णय म्हटलं असतं.

२०२५ मध्ये आमच्या वेबसाइटवरचं पान गेलं. तक्ता अजून वापरात आहे.

## गरीब गोऱ्याने काय करायचं?

या आक्षेपात खरोखर दम आहे. अमेरिकेत खाणी आणि कारखाने बंद पडलेल्या गावांत पिचून गेलेली गोरी कुटुंबं आहेत. शहरातल्या सुस्थितीतल्या लोकांनी त्यांना तुम्ही विशेषाधिकार भोगता म्हणून ऐकवलं, तेव्हा ती दुखावली यात नवल नाही. डीईआयच्या कामात वर्गाचा विचार फार कमी झाला, असं माझं स्पष्ट मत आहे.

कायदा मात्र त्यांनाही आहे. जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की बहुसंख्य गटातल्या व्यक्तीने भेदभावाची तक्रार केली तर तिच्याकडून जास्तीचा पुरावा मागता येणार नाही. हा निकाल लिहिला न्यायमूर्ती केतनजी ब्राउन जॅक्सन यांनी, त्या न्यायालयातल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला न्यायमूर्तींनी. कामाशी संबंध नसलेली अट काढली की तिचा फायदा गरीब गोऱ्यालाही होतो. ग्रिग्ज यांच्या उत्तर कॅरोलिनात हायस्कूल न झालेले गोरे पुरुष ६६ टक्के होतेच की.

## यात आपला काय संबंध?

आपला संबंध फार जवळचा आहे. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात ठरवलं की भारतीय माणूस गोरा नाही, त्यामुळे त्याला नागरिकत्व मिळणार नाही. ज्यांना ते आधी मिळालं होतं अशा कित्येकांचं काढून घेतलं गेलं. १९४६ मध्ये दार किलकिलं झालं, वर्षाला जेमतेम १०० भारतीय. ते खऱ्या अर्थाने उघडलं ३ ऑक्टोबर १९६५ रोजी, नव्या स्थलांतर कायद्याने. वंश आणि देश पाहून माणसं अडवणं नागरी हक्कांच्या लढ्यामुळे लाजिरवाणं ठरलं, म्हणून तो कायदा होऊ शकला. न्यू जर्सीतला गणेशोत्सव, शिकागोतलं महाराष्ट्र मंडळ, आपल्या चुलत-मावस भावंडांची ग्रीन कार्डं, हे सगळं त्या दारातून आलंय. अलाबामातल्या रस्त्यावर पोलिसांच्या लाठ्या ज्यांनी खाल्ल्या, त्यांचं आपल्यावर ऋण आहे. तिथे स्थिरावलेल्या आपल्याच माणसांच्या तोंडून "हे लोक मेहनत करत नाहीत" ऐकलं की मला फार वाईट वाटतं.

महाराष्ट्राला तर हे नातं फार आधी कळलं होतं. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची चौकशी केली, आणि द्यु बॉइस यांनी उत्तरही दिलं. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर या संघटनेचं नाव घेऊन. आता प्रवाह उलटाही वाहतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिॲटल हे जातीभेदावर बंदी घालणारं अमेरिकेतलं पहिलं शहर ठरलं. तो ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत यांचा जन्म पुण्याचा.

## नाव काढलं की काम थांबतं का?

काही ठिकाणी थांबलंच. अमेरिकेतली माझी एक सहकारी, जिच्याबरोबर मी पगारातल्या तफावतीचा वार्षिक तपास करायचे, तिचं पद गेलं. तपासही त्या वर्षी झाला नाही. माझ्या दृष्टीने खरं नुकसान हे आहे. वेबसाइटवरचं पान जाण्याचं मला तितकंसं दुःख नाही.

सगळ्यांनी सारखंच केलं असंही नाही. कॉस्टको कंपनीच्या भागधारकांपुढे जानेवारी २०२५ मध्ये डीईआयमधल्या जोखमीचा अहवाल मागणारा प्रस्ताव आला. संचालक मंडळाने विरोध केला आणि ९८ टक्क्यांहून जास्त मतांनी तो फेटाळला गेला. दुसऱ्याच दिवशी टार्गेट या दुकानांच्या साखळीने आपली डीईआयची उद्दिष्टं गुंडाळली. टार्गेटचं मुख्यालय मिनियापोलिसमध्ये, म्हणजे फ्लॉइड यांच्याच शहरात. कृष्णवर्णीय चर्चनी तिथली खरेदी थांबवण्याची हाक दिली. पुढच्या तिमाहीत विक्री घटली तेव्हा इतर कारणांबरोबर या निर्णयावरच्या प्रतिक्रियेचाही उल्लेख कंपनीच्या प्रमुखांनीच केला.

पण आजच्या संस्थांनी बघायचंच असेल, तर १९५६ च्या अलाबामाकडे बघावं. एनएएसीपी ही १९०९ पासूनची कृष्णवर्णीयांच्या हक्कांची सर्वांत मोठी संघटना. १ जून १९५६ रोजी अलाबामा राज्याने कोर्टातून मनाई हुकूम आणून तिचं काम बंद पाडलं आणि सभासदांची यादी मागितली. यादी दिली असती तर सभासदांच्या नोकऱ्या गेल्या असत्या, काहींचे जीवही. संघटनेने यादी दिली नाही. एक लाख डॉलरचा दंड झाला, तरी दिली नाही. १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिची बाजू उचलून धरली, पण अलाबामात परत पाय ठेवायला १९६४ उजाडलं.

मधली आठ वर्षं काम कुणी केलं? मनाई हुकमानंतर चारच दिवसांनी बर्मिंगहॅममधले पाद्री फ्रेड शटल्सवर्थ यांनी एका चर्चमध्ये सभा घेतली आणि वेगळ्या नावाची नवी संघटना काढली. माणसं बरीचशी तीच. दर सोमवारी रात्री सभा, गाणी, वर्गणी, आणि पुढच्या आठवड्यात कोण कुठल्या बसमध्ये पुढच्या बाकावर बसणार याची आखणी. त्याच वर्षी नाताळच्या रात्री शटल्सवर्थ यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. ते वाचले आणि दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे बसमध्ये चढले. सोमवारच्या सभा चालूच राहिल्या. १९६३ मध्ये याच संघटनेच्या बोलावण्यावरून किंग बर्मिंगहॅमला आले. शाळकरी मुलांवर सोडलेले पोलिसी कुत्रे आणि पाण्याचे फवारे तेव्हा देशाने टीव्हीवर पाहिले. त्याच जूनमध्ये केनेडी यांनी नागरी हक्क कायद्याची घोषणा केली. पुढच्या वर्षी जॉन्सन यांनी सही केली, ती याच कायद्यावर.